गुरूचा धाक आणि पुस्तकांचा उकिरडा

“पुस्तक वाचून कुठं योगा होत असतो का? त्याला गुरूच पाहिजे.” नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या गंजगोलाईत, एखाद्या नवशिक्याने दुकानात योगाचे पुस्तक मागितले की शेजारी उभा असलेला कुणीतरी हे वाक्य टाकतोच. टाकणारा बहुधा स्वतः काही करत नसतो, तो भाग वेगळा. पण वाक्य वजनदार आहे. सगळे माना डोलावतात आणि मागणारा ओशाळतो. मग तो एक तर हात हलवत परत जातो, नाहीतर काउंटरवर समोर दिसेल ते चकचकीत मुखपृष्ठाचे पुस्तक उचलतो. दोन्हीत नुकसान त्याचेच.

या वाक्याचे आपल्याकडे इतके लाड झाले आहेत, की ते तपासून बघायचे कुणाला सुचत नाही.

गुरू हवा म्हणता, तो कुठला? २१ जून २०१९ आठवा. त्या वर्षी योग दिनाचा राज्याचा मुख्य कार्यक्रम नांदेडला झाला. व्यासपीठावर रामदेवबाबा, सोबत तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, आणि समोर नजर पोचणार नाही अशी गर्दी. कार्यक्रम देखणा होता आणि त्यातून काही लोकांना सुरुवात करावीशी वाटली असेल, तर ते चांगलेच झाले. पण अशा मैदानात मागच्या रांगेत बसलेल्या बाईचा खांदा कानाला टेकला आहे, तिचा श्वास अडकला आहे, तिला हर्नियाचा त्रास आहे, हे व्यासपीठावरून कुणाला दिसणार? कुणालाच नाही, आणि त्यात बोलणाऱ्याचा दोषही नाही. डोळ्यांच्या आवाक्याबाहेरची ती गोष्ट आहे. मौज अशी, की मैदानातल्या पडद्याकडे बघत केलेली कपालभाती आपण गुरूकडून मिळालेली विद्या मानतो आणि घरी शांतपणे पान उलटून केलेले ताडासन मात्र आपल्याला उंटावरून शेळ्या हाकणे वाटते.

गल्लीत चांगला शिक्षक असेल, पंधरा-वीस जणांचा वर्ग घेत असेल, मान दुरुस्त करायला उठून जवळ येत असेल, तर त्याच्याकडे जरूर जा. त्याला पर्याय नाही. नांदेड-लातूर शहरांत असे शिक्षक आहेतही. पण किनवट नांदेडहून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. देगलूर, मुखेड, जळकोट, देवणी इथल्या माणसाने काय करायचे? आणि ज्या बाईला पहाटे पाचला पाणी भरायचे, सहाला डबे करायचे, आणि सासरे ओसरीवर बसलेले असताना सतरंजी अंथरून अंगणात वाकायची चोरी, तिने कुठल्या शिबिराला जायचे? तिच्या वाट्याला दुपारची वीस मिनिटे आणि आतली खोली येते. तिथे येऊ शकणारा एकच शिक्षक आहे, आणि त्याला तुम्ही दारातूनच हाकलता.

‘गुरुमुख’वाल्यांचा दुसरा आधार परंपरा. ही विद्या गुप्त ठेवायची, जुन्या ग्रंथांतच तसे सांगितले आहे, असे ते म्हणतात. सांगितले आहे खरे. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्मारामाने विद्या गुप्त ठेवण्याची ताकीद दिली आहे. पण ती ताकीद त्याने लिहिली कशात? ग्रंथातच की! ज्याला खरोखर काही दडवायचे असते तो पंधरा आसने श्लोकबद्ध करून मागे ठेवत नाही. घेरंडसंहितेत बत्तीस आसने आहेत, तीही लिहूनच ठेवलेली.

आणि मराठवाड्याच्या माणसाने तर हा मुद्दा काढूच नये. आपेगावात जन्मलेल्या ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवर मराठीत टीका केली, तेव्हा सहाव्या अध्यायात नाथपंथाची आतली गोष्ट, म्हणजे आसन कसे घालावे, बंध कुठे पडतो, कुंडलिनी कशी जागते, हे सगळे ओवीत उघड करून सांगितले. ते वाचून कुणी कुंडलिनी जागवायला बसू नये, हे वेगळे सांगायला नको. ते साधनेचे वर्णन आहे, धड्यांचे पुस्तक नव्हे. पण विद्या मूठभरांच्या कानांत राहू नये, लिहून लोकांच्या भाषेत यावी, हा निर्णय आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीच झालेला आहे.

विसाव्या शतकात तर महाराष्ट्राने हा निर्णय पुन्हा पुन्हा घेतला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले, संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, आणि १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीचे इंग्रजी पुस्तक लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित करून लंडनच्या वाचकांपर्यंत नेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आसनांवरचे पुस्तक दिले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये विशीही न गाठलेले, पुण्यात शिकवायला आले. गुरू कृष्णम्माचार्य तिकडे म्हैसूरला. गुरूजवळचा सहवास थोडा, पुढची वर्षानुवर्षे स्वतःच्या अंगावर केलेला सराव मोठा. त्या सरावातून १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ निघाले, ज्याला मराठी वाचक ‘योगदीपिका’ म्हणून ओळखतो. त्यांचा एकही शिष्य पोचला नव्हता अशा गावांत हे पुस्तक पोचले. पुस्तकातून शिकताच येत नाही, असे या तिघांना वाटत असते तर त्यांनी एवढा कागद कशाला काळा केला असता?

इथे नेहमी पोहण्याचा दाखला येतो. पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकतो का? दाखला जोरदार, पण लागू पडत नाही. विहिरीत चूक झाली तर दुरुस्तीला वेळ मिळत नाही. सतरंजीवर मिळतो. दुखले की थांबता येते, पान परत वाचता येते, उद्या पुन्हा बघता येते. अट एवढीच, की पुस्तकाने कुठे थांबायचे ते सांगितलेले असावे.

घोडे पेंड खाते ते इथेच. नव्वद टक्के नसतील, पण आपल्या दुकानांत आणि बसस्थानकावरच्या स्टॉलवर समोर मांडलेली बहुतेक योगपुस्तके थांबायचे कुठे ते सांगत नाहीत. म्हणून माझे भांडण दुहेरी आहे. ‘पुस्तकातून होत नाही’ म्हणणाऱ्यांशी आहे, तसेच त्यांना ते म्हणायला जागा करून देणाऱ्या पुस्तकांशीही आहे.

असे एखादे पुस्तक हातात घ्या आणि सर्वांगासनाचे पान उघडा. छोटा फोटो, तोही शेवटच्या स्थितीचा: पाय छताकडे, चेहऱ्यावर हसू. शेजारी तीन-चार वाक्ये: पाठीवर झोपा, पाय वर उचला, कमरेला हातांचा आधार द्या, श्वास नेहमीसारखा ठेवा. खाली ‘लाभ’ असा ठसठशीत मथळा आणि त्याखाली थायरॉइड, दमा, मूळव्याध, मधुमेह, केस गळणे, निद्रानाश अशी ओळ. बस्स. खांद्यांखाली घडी घालून चादर घ्यायची का? वर असताना मान वळवली तर काय होईल? किती सेकंद राहायचे? खाली कसे यायचे? मानेचा स्पॉन्डिलायटिस असलेल्याने, रक्तदाब वाढलेल्याने, काचबिंदू असलेल्याने काय करायचे? यातले काहीही नाही. उलटे झाल्यावर डोळ्यांतला दाब वाढतो हे डोळ्यांचा कुठलाही डॉक्टर सांगेल. या पानाला ते माहीत नाही. सर्वांगासनातून धपकन खाली आपटणारा माणूस फोटोत कधीच नसतो.

औषधाच्या जाहिरातीत ‘मधुमेह बरा करते’ असे छापले, तर १९५४ चा चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवरचा कायदा आडवा येऊ शकतो. हाच दावा आसनाच्या फोटोखाली छापा, कुणी विचारत नाही. असे दावे जुन्या ग्रंथांतही आहेत. मयूरासनाने विषदेखील पचते, इथपर्यंत हठप्रदीपिकेची मजल आहे. पण कुवलयानंदांनी काय केले? परंपरेवर निष्ठा असूनही त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजायची साधने हाताशी घेतली आणि नौली-उड्डियानात पोटात नेमके काय घडते ते मोजायला बसले. शंभर वर्षे झाली त्याला. आणि स्टॉलवरचे पुस्तक अजून मयूरासनाच्या विषातच अडकलेले.

ही पुस्तके आपल्याकडे खपतात याला एक खास स्थानिक कारणही आहे, आणि ते बोलून दाखवणे जरा अंगाशी येणारे आहे. लातूर पॅटर्नने या भागाला खूप दिले. खेड्यातली पोरे डॉक्टर-इंजिनिअर झाली, आता नांदेडातही क्लासच्या पाट्यांनी रस्तेच्या रस्ते भरले. पण त्यासोबत पुस्तक कशासाठी असते याची आमची कल्पनाच बदलली. आम्हाला पुस्तक म्हटले की गाइड दिसते: प्रश्न डावीकडे, उत्तर उजवीकडे. योगाचे पुस्तक घ्यायलाही आम्ही तसेच जातो. “शुगरवर कोणतं आहे?” “पाठीवर आहे का?” प्रकाशक खुळे नाहीत. रोगानुसार आसनांची अनुक्रमणिका मागे जोडली की पुस्तक हातोहात जाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी तर ‘स्मरणशक्ती वाढवणारी आसने’ असा स्वतंत्र मालच निघतो. नीटच्या तयारीला अहमदपूरहून, कंधारहून आलेला, खोलीत बारा-बारा तास पाटावर वही ठेवून वाकलेला मुलगा शीर्षासन करून मार्क वाढवू बघतो. त्याला हवे आहे मान, खांदे आणि पाठ मोकळी करणारे अगदी साधे काहीतरी. “कामून करतोस रे हे?” असे विचारले तर तो पुस्तकातली ओळ दाखवेल.

मग घ्यायचे कोणते?

माझे मत स्पष्ट आहे आणि काही जुन्या साधकांना ते रुचणार नाही. नवशिक्याने ‘योगदीपिका’पासून सुरुवात करू नये. पुस्तक थोरच आहे. दोनशेच्या आसपास आसने, सहाशेच्या घरात छायाचित्रे, प्रत्येक आसनाच्या नावापुढे ते किती अवघड हे सांगणारा आकडा, आणि मागे तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम. इतक्या कष्टाने आखलेला क्रम दुसऱ्या कुठल्या पुस्तकात क्वचितच मिळेल. पण त्या अभ्यासक्रमाचे पहिले दोन आठवडे उघडून बघा. ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन इथपर्यंत ठीक. त्याच पंधरवड्यात सर्वांगासन आणि हलासनही आहे. अय्यंगारांसमोर शिकणाऱ्या तरुणाला ते चालेल. पन्नाशीतला, पोट सुटलेला, आयुष्यभर मोंढ्याच्या गादीवर बसलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात एकट्याने हलासन करू लागला, तर मानेचे काय होईल? आणि छायाचित्रे स्वतः अय्यंगारांची. ती परिपूर्ण आहेत, हीच अडचण. अर्ध्या वाटेवरचे, गुडघा सरळ न होणारे शरीर त्यांत कुठेच नाही. पुढे त्यांनी स्वतःच खुर्ची, पट्टे, विटा, उशा यांचा आधार घेऊन आजारी माणसांना शिकवायची मोठी पद्धत उभी केली, आणि नंतरच्या पुस्तकांत तीही दाखवली. १९६६च्या पुस्तकात ती नाही. तेव्हा ‘योगदीपिका’ जरूर घ्या, पण दुसरे पुस्तक म्हणून. सहा महिने-वर्षभर अंग वळल्यावर त्रिकोणासनाचे ते पान वाचा. प्रत्येक वाक्य कुठल्या स्नायूत जाऊन बसते ते तेव्हा कळेल.

पहिले पुस्तक म्हणून मी कुवलयानंदांचे ‘आसने’ पुढे करीन. छपाई साधी, भाषा जुन्या वळणाची. पण हा लेखक वाचकाला घाबरवत नाही आणि फसवतही नाही. पूर्ण अभ्यासक्रम, छोटा अभ्यासक्रम आणि सोपा अभ्यासक्रम अशा वेगवेगळ्या वाटा त्याने आखून दिल्या आहेत. उलट्या आसनांना किती थोड्या वेळापासून सुरुवात करायची, आठवड्याला किती वाढवायचे, कुठे थांबायचे, हेही सांगितले आहे. कान वाहणारे, डोळ्यांच्या केशवाहिन्या कमजोर असणारे, हृदय अशक्त असणारे यांनी काय टाळावे ते स्पष्ट लिहिले आहे. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीच्या पुस्तकात हे आहे आणि परवा छापलेल्यात नाही!

हिंदी चालत असेल, आणि आपल्या भागात कुणाला चालत नाही, तर मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींचे ‘आसन प्राणायाम मुद्रा बन्ध’ घ्या. १९६९ पासून ते चालत आले आहे. त्यातली पवनमुक्तासनाची पहिली मालिका पाय पसरून बसून पायाची बोटे पुढे-मागे वाकवण्यापासून सुरू होते. मग घोटा, गुडघा, मनगट, खांदा, मान. हा काय योग झाला का, असे म्हणून जवान पोरे हसतात. साठीची आई मात्र तिसऱ्या दिवशी म्हणते, जिना उतरताना बरे वाटले. प्रत्येक आसनाखाली ते कुणी करू नये हेही दिलेले आहे. फायद्यांच्या बाबतीत हे पुस्तकही हात सैल सोडते, तेवढे डोळे मिटून पुढे जावे. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाची ‘सुलभ सांघिक आसने’ ही पुस्तिकाही शाळेसाठी किंवा चार बायकांनी मिळून करण्यासाठी कामाची आहे.

विद्वानांचा एक आग्रह इथे आडवा येतो: आधी पतंजली वाचा, मग हातपाय हलवा. कृ. के. कोल्हटकरांचे पातंजल योगदर्शनावरचे जाडजूड मराठी पुस्तक ही आपल्या भाषेची दौलत आहे, दुमत नाही. पण योगसूत्रांत आसनावर अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. कंबर धरलेल्या माणसाच्या हाती ते देणे म्हणजे त्याला नम्रपणे परत पाठवणे. यम-नियम, चित्तवृत्ती हे सगळे यायला हवे, पण मांडी घालून अर्धा तास बसता यायला लागल्यावर.

मोबाइलवाल्यांना फार जागा द्यावी असे मला वाटत नाही. व्हिडिओत हालचाल दिसते, हा फायदा आहेच. फोटोत मधली पायरी कळली नाही तर जरूर बघावा. पण व्हिडिओ करणाऱ्याच्या वेगाने चालतो, तुमच्या गुडघ्याच्या वेगाने नाही. आणि एक संपला की पुढचा कोणता यावा हे ठरवणाऱ्याला तुमचा रक्तदाब माहीत नसतो. आयुष मंत्रालयाने २०१५ मध्ये पहिल्या योग दिनासाठी जो सामायिक अभ्यासक्रम ठरवला, त्याची पुस्तिका मोफत मिळते. कुणाचे काही ठरतच नसेल तर तीच छापून घ्यावी. स्टॉलवरच्या निम्म्या पुस्तकांपेक्षा ती बरी.

दुकानात उभ्या-उभ्या पुस्तक पारखायचे असेल तर सर्वांगासनाचे पान पुरेसे आहे. ‘कुणी करू नये’ हे ‘कसे करावे’च्या आसपास आहे की नाहीच? खाली येण्याची रीत सांगितली आहे का? मधल्या स्थितीचा एक तरी फोटो आहे का? लेखक कोण, तो कुठे आणि किती वर्षे शिकवत होता, हे मलपृष्ठावर आहे की तिथे नुसतीच रोगांची यादी? प्राणायामाच्या पानावर कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, पहिल्याच दिवशी सांगितला असेल, तर पुस्तक सरळ खाली ठेवा. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गर्भारपण, मणका सरकलेला, यांतले काही असेल तर पुस्तक कितीही चांगले असो, आधी डॉक्टरला विचारा. विष्णुपुरीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेड शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केसपेपरची किंमत त्या चकचकीत पुस्तकाहून कमीच पडते.

शेवटी नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांना एक विनंती. अनुदान आले की पुस्तकांची खरेदी गठ्ठ्याने होते, आणि ‘आरोग्य’ या रकान्यात जे स्वस्त पडेल ते येते. तसे करू नका. कुवलयानंदांच्या आणि सत्यानंदांच्या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घ्या, ‘योगदीपिका’ची एक घ्या, आणि त्यांतली एक-एक प्रत दुपारी बायका येतात त्या वेळेत बाहेर टेबलावर ठेवा. मागच्या पानावर रोगांची यादी असलेली पुस्तके या वर्षी मागवूच नका.